त्राटक, तळवे आणि आजोबांची चाळिशी

हेडफोन लावून ऐकत असाल तर एक काम करा. फोनची स्क्रीन बंद करून फोन खिशात टाका. आजचा भाग डोळ्यांबद्दल आहे, त्यामुळे ऐकताना तरी त्यांना सुट्टी देऊया. आणि जे हा भाग इथे वाचतायत, त्यांनी अधूनमधून खिडकीबाहेर बघा. का, ते पुढे सांगतो.

या विषयाची सुरुवात एका रीलपासून झाली. आमच्या घरच्या ग्रुपवर आत्याने पाठवलेली. एक माणूस मांडी घालून बसलाय, डोळे गोल फिरवतोय, मग तळवे एकमेकांवर घासून डोळ्यांवर ठेवतोय, मग मेणबत्तीकडे एकटक बघतोय. खाली लिहिलेलं, 'पाच हजार वर्षांचा योग, महिन्याभरात चष्मा सुटणार'. आणि आत्याचा मेसेज : "तू दिवसरात्र लॅपटॉपसमोर असतोस, हे कर."

आता आत्याचं चुकत नाही. एपिसोड एडिट करताना मी सात-आठ तास स्क्रीनसमोर असतो. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, कपाळ जड होतं, लांबचं दोन मिनिटं धूसर दिसतं. तुमच्यापैकी निम्म्या लोकांना हे सांगायची गरजच नाही. पण ती रील पाहून मला आठवले आमचे आजोबा. रत्नागिरीतल्या घराच्या माजघरात, पहाटे निरंजनासमोर बसलेले, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि पापणी हलत नाहीये. त्यांची गोष्ट शेवटी सांगतो. ती सांगायला मला जरा धीर लागतो. आधी इतिहास बघूया, कारण त्या एका मिनिटाच्या रीलमध्ये तीन वेगवेगळ्या काळातल्या आणि तीन वेगवेगळ्या हेतूंच्या गोष्टी एकत्र कालवल्यात.

नजर नाकाच्या शेंड्यावर

सर्वात जुनं काय, तिथून सुरू करू. योग म्हटलं की आपण पतंजलींचं नाव घेतो. त्यांच्या योगसूत्रांत आसनाबद्दल थेट बोलणारी सूत्रं आहेत जेमतेम तीन. डोळ्यांचा व्यायाम तिथे नाही. चष्म्याचा तर प्रश्नच नाही.

पण नजरेचा विचार आहे, आणि तो आपल्या मराठीत खूप लवकर आलाय. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला कसं बसावं हे सांगताना नजर नाकाच्या शेंड्यावर ठेवायला सांगितलंय. १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा ज्ञानेश्वरांनी याच जागी आसन कसं जमतं, दृष्टी कशी आत वळते आणि नाकाच्या शेंड्यापाशी कशी थांबते, याचं चांगलं सविस्तर वर्णन केलं. म्हणजे डोळे कसे ठेवावेत हे मराठी माणूस सातशेहून जास्त वर्षं आपल्याच भाषेत वाचतोय. आमच्या रत्नागिरीकरांसाठी तर हे अजून जवळचं आहे. इथून जवळच पावसला राहिलेल्या स्वामी स्वरूपानंदांनी ज्ञानेश्वरी सोप्या मराठीत, अभंगांच्या रूपात आणली. 'अभंग ज्ञानेश्वरी' आमच्या देवघरात आजही आहे, आजोबांच्या खुणांसकट.

पण इथे नजर स्थिर करायची ती कशासाठी? मन स्थिर व्हावं म्हणून. डोळा हे इथे दार आहे. दार लोटून घेतलं की घरात शांतता होते, तसं. दाराची बिजागरी दुरुस्त करणं हा या वर्णनाचा विषय नाही.

त्राटक : पाणी येईपर्यंत

आता दुसरा धागा. साधारण पंधराव्या शतकात स्वात्माराम नावाच्या योग्याने 'हठप्रदीपिका' लिहिली. त्यात शरीरशुद्धीच्या सहा क्रिया दिल्या आहेत : धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली आणि कपालभाती. यातलं त्राटक म्हणजे एखाद्या बारीक वस्तूकडे, न हलता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत पाहत राहणं. पुढे आलेल्या 'घेरंडसंहिते'तही सहा क्रियांमध्ये त्राटक आहेच.

आणि हो, प्रामाणिकपणे सांगायला हवं, हठप्रदीपिकेत त्राटकाने डोळ्यांचे रोग जातात आणि आळस जातो असं म्हटलंय. ही विद्या सोन्याच्या पेटीसारखी जपून ठेवा, असंही म्हटलंय. त्यामुळे त्राटकाचा डोळ्यांशी काहीच संबंध नाही, असं म्हणणारा माणूसही चूक. दावा जुना आहे, खरा जुना.

पण त्याच ग्रंथात थोडं आधी एक वाक्य आहे, जे रील बनवणारे वाचत नाहीत. ज्याच्या शरीरात मेद आणि कफ जास्त आहे त्याने या सहा क्रिया आधी कराव्यात, बाकीच्यांना गरज नाही, असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे ग्रंथकर्ताच सांगतोय की हे सरसकट सगळ्यांसाठी नाही. जुन्या पुस्तकांचं एक असतं बघा. ती आपल्या फॉरवर्डपेक्षा जास्त सावध असतात.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्राटकात पापणी मिटायची नसते. हे लक्षात ठेवा, थोड्या वेळाने कामाला येणार आहे.

तळवे आले न्यूयॉर्कहून

आता तिसरा धागा, आणि मला खरा धक्का बसला तो इथे. तळवे घासून डोळ्यांवर ठेवणं. मला वाटायचं हे तर ऋषिमुनींच्या काळापासूनचं. आजोबाही तसंच सांगायचे.

१९२० साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम बेट्स नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक पुस्तक काढलं. नावाचा अर्थ सरळ होता : चष्म्याशिवाय उत्तम दृष्टी. बेट्स यांचं म्हणणं असं की जवळचं कमी दिसणं, लांबचं कमी दिसणं, हे सगळं डोळ्यांवरच्या ताणामुळे होतं. ताण घालवा, चष्मा फेकून द्या. त्यासाठी त्यांनी उपाय दिले. बंद डोळ्यांवर, न दाबता, तळव्यांची ओंजळ ठेवायची आणि पूर्ण काळोख पाहायचा. शरीर डावी-उजवीकडे झुलवत नजर फिरू द्यायची. आणि सूर्याकडे पाहण्याचाही उपाय होता त्यात. तो ऐकून ठेवा आणि सोडून द्या, कारण सूर्याकडे थेट पाहिल्याने डोळ्याच्या आतला पडदा कायमचा भाजू शकतो.

बेट्स यांचं मूळ गणितच चुकलं होतं. डोळा जवळचं पाहताना आतलं भिंग फुगतं आणि लांबचं पाहताना चपटं होतं, हे जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच मांडलं होतं. बेट्स यांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या मते बाहेरचे स्नायू अख्खं बुबुळ दाबून लांब-आखूड करतात. स्नायूच कारण असतील तर व्यायामाने चष्मा जाईल, हे ओघाने आलंच. पण कारणच ते नाही. लांबचा चष्मा लागतो तो बहुतेक वेळा डोळा पुढून मागे थोडा लांब वाढलेला असतो म्हणून. वाढलेली उंची जशी व्यायामाने कमी होत नाही, तशी ही लांबीही होत नाही.

तरीही ही पद्धत जगभर गेली. मोठी माणसं तिच्या मागे होती. इंग्रजी कादंबरीकार आल्डस हक्सली यांची दृष्टी किशोरवयात आजाराने जवळजवळ गेली होती. त्यांनी हे व्यायाम केले आणि १९४२ साली त्यावर आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडे पाँडिचेरीच्या श्री अरविंद आश्रमात डॉ. आर. एस. अग्रवाल यांनी याच वाटेने दृष्टिसुधाराची शाळा चालवली. त्यांच्या एका पुस्तकाचं नाव आहे 'योग ऑफ परफेक्ट साइट'. नाव पुन्हा एकदा ऐका. बेट्स यांच्या पुस्तकातली 'परफेक्ट साइट', आणि तिच्या आधी 'योग'. न्यूयॉर्कची ओंजळ भारतात आली आणि योगाच्या घरात राहायला लागली. पाहुणा इतका रुळला, की आता घरचेच त्याला पाच हजार वर्षांचा म्हणतात.

यात कुणी फसवणूक केली असं माझं म्हणणं नाही. चांगली वाटलेली गोष्ट माणूस आपल्या घरात घेतो, आपलं नाव देतो. बटाटाही बाहेरूनच आला आणि आपल्या उपासाला चालायला लागला.

लोणावळ्याचा प्रश्न

याच काळात आपल्या महाराष्ट्रात काय चाललं होतं? जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. पण त्याच्याही आधी बडोद्याला असताना त्यांनी एक काम केलं होतं, जे मला फार आवडतं. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमकं काय होतं, हे त्यांनी क्ष-किरणांनी तपासलं. पुढे दाब मोजले, नोंदी ठेवल्या, त्या छापल्या.

हा माणूस योगावर निस्सीम श्रद्धा असलेला. गुरूकडून शिकलेला. तरी तो म्हणतोय, मोजून बघूया. गंमत बघा. १९२० साली न्यूयॉर्कचा डॉक्टर शास्त्राचं नाव घेऊन मोजमाप बाजूला ठेवतोय, आणि त्याच सुमाराला बडोद्यात एक योगी यंत्रासमोर उभा राहतोय. मला विचाराल तर योगाबद्दलचा आपला अभिमान कसा असावा, याचं उत्तर इथे आहे. जुनं आहे म्हणून खरं, असं न म्हणता, खरं आहे का ते पाहू, असं म्हणण्यात.

मग तोच प्रश्न आपणही विचारू. डोळे थकतात तेव्हा आत काय होतं?

खिळे जुळवणाऱ्यांचे डोळे

इथे थोडं आजोबांकडे येऊ. ते कंपोझिटर होते. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हा शब्द ऐकलाही नसेल. कॉम्प्युटर यायच्या आधी छापखान्यात शिशाची एकेक अक्षरं असायची, त्यांना खिळे म्हणत. मराठीची जोडाक्षरं, काना, मात्रा, वेलांट्या यांचे शेकडो छोटे खण समोर मांडलेले. त्यातून एकेक खिळा उचलून हातातल्या पट्टीत ओळ जुळवायची, आणि ती अक्षरं उलटी असायची, आरशात दिसतात तशी. आजोबांनी हे काम पस्तीस-एक वर्षं केलं. पावसाळ्यात वीज गेली की कंदिलाच्या उजेडात. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, शाळांचे निकाल, सगळं.

आता त्यांच्यासारख्यांबद्दल इटलीतल्या एका डॉक्टरने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. बर्नार्दिनो रामाझिनी. कोणत्या धंद्यातल्या माणसाला कोणता आजार होतो, यावरचं त्यांचं पुस्तक १७०० साली निघालं. बारीक काम करणारे कारागीर, सोनार, घड्याळवाले यांचे डोळे कसे जातात हे त्यात आहे. पुढच्या आवृत्तीत त्यांनी छापखान्यातल्या कामगारांनाही घेतलं. आणि सल्ला काय? मधूनमधून मान वर करा, कामावरून नजर काढा, दुसरीकडे पाहा.

बस्स. इतकंच. न मंत्र, न तंत्र.

आजोबांना रामाझिनी ठाऊक असण्याचं कारण नाही. पण ते सांगायचे, त्यांच्या छापखान्यातला मुख्य कंपोझिटर नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवायचा : "पट्टी भरली की मान वर. माडाचा शेंडा बघ, मग दुसरी पट्टी." खिडकीबाहेर माड होते, त्यांच्यामागे भाट्याची खाडी. पट्टी भरायला किती वेळ लागायचा हे मी विचारलं नाही, पण दिवसात शे-पन्नास वेळा तरी ते माड बघत असतील.

आता याचं शास्त्र बघा, सोपं आहे. जवळचं पाहताना डोळ्यातला एक छोटा गोल स्नायू आवळलेला राहतो. लांब पाहिलं की तो सैल पडतो. फोन तोंडासमोर धरून दोन तास बसणं म्हणजे त्या स्नायूची मूठ दोन तास आवळून ठेवणं. माड बघणं म्हणजे मूठ उघडणं. आज डोळ्यांचे डॉक्टर २०-२०-२० सांगतात ना, दर २० मिनिटांनी, २० सेकंद, २० फुटांपलीकडे बघा, ते दुसरं काय आहे? माडाचा शेंडाच.

दुसरी गोष्ट पापणीची. पापणी मिटली की डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर पसरतो. खिडकीची काच ओल्या फडक्याने पुसावी, तसा. १९९३ साली जपानमधल्या दोन डॉक्टरांनी ऑफिसात काम करणाऱ्या लोकांच्या पापण्या मोजल्या. निवांत बसलेले असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी मिटत होती. पुस्तक वाचताना १० वेळा. आणि स्क्रीनसमोर फक्त ७ वेळा. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं का होतं, त्याचं बरंचसं उत्तर या तीन आकड्यांत आहे.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवा. त्राटकात पापणी मिटायची नसते. दिवसभर स्क्रीनसमोर आपण तेच तर करतोय, नकळत. त्यामुळे डोळे आधीच कोरडे पडलेले असताना, कामाच्या मध्ये, उपाय म्हणून आणखी एकटक बघणं हा काही शहाणपणा नाही. त्या वेळी हवंय उलटं : सावकाश, पूर्ण पापण्या मिटणं. दहा-बारा वेळा.

मग योगाचा काहीच उपयोग नाही का? आहे. २००६ साली बंगळुरूच्या संशोधकांनी कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या २९१ जणांवरचा अभ्यास छापला. एका गटाने ६० दिवस आसनं, प्राणायाम, त्राटक आणि विश्रांती असा रोजचा कार्यक्रम केला, दुसऱ्या गटाने नाही. योग करणाऱ्यांची डोळ्यांची तक्रार कमी झाली. पण नीट ऐका, काय कमी झालं? जळजळ, थकवा, त्रास, तोही त्या लोकांनी स्वतः सांगितलेला. चष्म्याचा नंबर कमी झाला असं त्यात कुठेही नाही. थकवा जाणं आणि नंबर जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रील त्या दोन्ही एका वाक्यात बसवते. आणि माणसं तिथेच फसतात.

आमचे आजोबा तिथेच फसले.

आजोबांची चाळिशी

आपल्या भाषेने एक गोष्ट फार पूर्वीच ओळखली होती. जवळच्या चष्म्याला आपण काय म्हणतो? चाळिशी. वयाचं नावच चष्म्याला. चाळीसच्या आसपास डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं पाहताना पूर्वीसारखं फुगत नाही. स्नायूने कितीही जोर लावला तरी नाही. हे सगळ्यांचं होतं, राजाचं आणि रंकाचं.

आजोबांना कामासाठी त्रेचाळिसाव्या वर्षी चाळिशी लावावी लागली, आणि ती त्यांना कधीच आवडली नाही. छापखान्यात कॉम्प्युटर आले, खिळे भंगारात गेले, आजोबा निवृत्त झाले. मग त्यांनी ठरवलं, आता डोळ्यांना पुन्हा वळण लावायचं. एका पुस्तकावरून सगळं शिकले. पहाटे निरंजन, मग तळवे, मग डोळे फिरवणं. आठ-नऊ वर्षं, एक दिवस न चुकता. आणि वयाच्या सत्तरीला एक दिवस त्यांनी चष्मा काढला, पेपर हातात घेतला आणि वाचला. बातम्यांचा बारीक टाइपसुद्धा! आम्ही सगळे भोवती उभे. मी तेव्हा शाळेत होतो. ते मला म्हणाले, "बघितलंस मेल्या? म्हणे चष्मा सुटत नाही."

आळीत बातमी गेली. लोक त्यांच्याकडे शिकायला यायला लागले. आणि आजोबांनी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाणं बंद केलं. डोळे सुधारतायत, तर जायचं कशाला?

हे नेमकं काय होतं, ते आम्हाला चार वर्षांनी कळलं. मोतीबिंदू होताना काही जणांत भिंगाचा मधला भाग घट्ट होतो आणि त्याने डोळ्याचा नंबरच बदलतो. म्हाताऱ्या माणसाला अचानक चष्म्याशिवाय जवळचं वाचता यायला लागतं. आनंद होतो. पण ती सुधारणा नसते, मोतीबिंदूची चाहूल असते, आणि काही काळाने तीही जाते. आजोबांचं तसंच झालं. निरंजनाचा त्यात काही हात नव्हता.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, नजर परत येते. ते इतकं वाईट नव्हतं. वाईट होतं ते त्याच तपासणीत सापडलेलं दुसरं. काचबिंदू. यात बऱ्याचदा डोळ्यातला दाब वाढतो आणि डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही. बाजूची नजर आधी जाते, समोरचं शेवटपर्यंत दिसतं. म्हणून कळतच नाही. नंतर आम्हाला आठवलं. ताटातल्या डावीकडच्या मिठाला, लोणच्याला ते हात लावत नव्हते, आणि आजी म्हणायची, "यांची तोंडाची चव गेली." उंबऱ्यावर खांदा आपटायचा आणि आम्ही म्हणायचो, वय झालं. गेलेली नस परत येत नाही. उरलेली वाचवायला थेंब घालायचे, बस्स.

आणखी एक. आजोबा शीर्षासनही करायचे. शीर्षासनात डोळ्यातला दाब दुपटीच्या आसपास वाढतो, हे भारतातच योग करणाऱ्यांवर मोजलं गेलंय. त्यांचा आजार त्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही, ते मला म्हणता येणार नाही. पण काचबिंदू असलेल्याने शीर्षासन करू नये हे डॉक्टरांनी सांगितलं, आणि ते आधी कळायला हवं होतं.

घरी आल्यावर आजोबा दोन दिवस बोलले नाहीत. मग शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतः गेले. काठी घेऊन, माझ्या खांद्यावर हात ठेवून. प्रत्येकाला एकच सांगितलं : "मी सांगितलं ते करायचं तर करा, पण आधी डोळे तपासून या." लाज वाटत असणारच. तरी गेले. माझ्यासाठी आजोबांची सगळ्यात मोठी साधना ती आहे.

काचबिंदू रक्ताच्या नात्यात असला की धोका वाढतो. म्हणून डॉक्टरांनी बाबांनाही बोलावलं. बाबांना काहीच त्रास नव्हता. दाब जास्त निघाला. थेंब सुरू झाले, आणि आज इतक्या वर्षांनी बाबांची नजर शाबूत आहे. तेच मला अजूनही रात्री मांडवी जेट्टीवरून स्कूटरने घरी आणतात. माझीही तपासणी होते.

आजोबांनी निरंजन सोडलं नाही. पण नंतर ते डोळे मिटून बसायचे. मी एकदा विचारलं, आता कशाला? म्हणाले, "आधी चष्मा घालवायला बसत होतो. आता नुसता बसतो." ज्ञानेश्वरांनी सांगितलेल्या जागी ते तेव्हा पोचले असावेत, असं मला वाटतं.

तर मंडळी, आत्याला मी काय उत्तर दिलं? तळवे ठेवते आहेस तर ठेव, अंधारात दोन मिनिटं डोळ्यांना बरं वाटतंच. फक्त दाबू नकोस. त्राटक आवडत असेल तर मनासाठी कर, थोडा वेळ, डोळे कोरडे नसताना. सूर्याकडे बघू नकोस. काम करताना पापण्या मिट, दर वीस मिनिटांनी लांब बघ, फोन हातभर दूर धर. घरातल्या पोरांना रोज उन्हापावसात बाहेर खेळायला सोड, कारण बाहेर वेळ घालवणाऱ्या मुलांना लांबचा चष्मा लागण्याची शक्यता कमी असते, हे अनेक देशांत दिसलंय. आणि चाळिशी ओलांडलीस ना? मग वर्षा-दोन वर्षांनी डोळ्यातला दाब आणि नस तपासून घे. तुझ्या वडिलांना काचबिंदू होता.

आत्या आजोबांची मुलगी. तिने दोन तासांनी उत्तर दिलं : "शनिवारी अपॉइंटमेंट घेतली. तू येशील का सोबत?"

जाणार आहे. थेंब टाकून बाहुल्या मोठ्या करतात, मग काही तास तिला नीट दिसणार नाही, कुणीतरी हात धरायला हवं.

तुमच्या घरात असं कुणी असेल, डोळे 'सुधारलेत' म्हणून खूश असलेलं, तर हा भाग त्यांना ऐकवा. पुढच्या भागात भेटूया. आता स्क्रीन बंद करा आणि खिडकीतून काय दिसतंय ते बघा. माड नसेल तर समोरच्या गच्चीवरची टाकी चालेल.